मधल्या पाटावरचं पिस्तूल

समारंभाचे अध्यक्ष इग्नेशियस सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती तुळशीदासभाऊ, विमलावहिनी आणि माणिकपूरच्या आपल्या नेमबाजी क्लबातील बंधुभगिनींनो,

भाऊ उमेळ्याचं घर बंद करून लेकीकडे, नाशिकला निघालेत. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलंय. माझं नाव सुचवलं कोणी हो? या हॉलमध्ये भाऊंवर सगळ्यांत जास्त जळणारा माणूस मीच आहे!

कारण तुम्ही जाणताच. भाऊंचं ते जुन्या घडणीचं, जर्मन बनावटीचं छऱ्याचं पिस्तूल. अक्रोडाची मूठ, निळसर काळी नळी, आणि चाप असा, की बोट नुसतं टेकवावं! ते पाहून मी आधी देशी घेतलं. दणकट आहे, पण चाप दाबताना दातओठ खावे लागतात. मग इटालियन घेतलं. दिसायला राजबिंडं, मूठ मात्र प्लास्टिकची. मग झेक. ते खरोखर उत्तम आहे हो! पण भाऊंनी आपलं बाहेर काढलं, की माझं झेक मला जत्रेत फुगे फोडायला देतात तसलं वाटायचं. आमच्या मनोरमाबाई समोरच बसल्यात. त्या म्हणतात, "अहो, पिस्तुलं तीन झाली, पोटदुखी तीच राहिली."

त्यात आपली दसऱ्याची पूजा! सगळ्यांची पिस्तुलं पाटांवर, आणि सर्वांत उत्तम ते मधल्या पाटावर. म्हणजे दरवर्षी भाऊंचंच. गेल्या दसऱ्याला मला राहवलं नाही. माझं झेक उठून दिसावं म्हणून त्याला मूठ मूठ हळदकुंकू वाहिलं. पूजेनंतरच्या स्पर्धेत चाप ओढला, तर छर्रा राहिला बाजूला, नळीतून कुंकवाचा फवारा! वारा समोरून होता. माझा चेहरा आठवतोय ना, सर?

सगळे हसले. भाऊ तेवढे हसले नाहीत. आपलं जर्मन माझ्या हातात देत म्हणाले, "घे रमेश, मार तू. मी नाय मारत आज." मी पहिला आलो. माझ्या फुलपाड्याच्या घरातला एकुलता एक चषक यांच्या पिस्तुलाने मिळालेला. सांगा, माणसाने जळू नये तर काय करावं?

काल न राहवून उमेळ्याला गेलो. म्हटलं, भाऊ, माझी तिन्ही घ्या, पण ते एक मला देऊन जा. भाऊ म्हणाले, "तीन घेऊन काय करू? तिकडे मला ओळखतो कोन? हे हातात असलं, तर बाजूचा कोनीतरी जळेल. जळला की बोलेल. आपली ओळख तशीच झाली ना रे?"

चहा पिऊन परत आलो.

येत्या दसऱ्याला मधल्या पाटावर माझं झेक बसेल. इतकी वर्षं हेच तर हवं होतं मला! असो. ऐकून घेतलंत, आपला आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला.

फक्त एक सांगून बसतो. नाशिकला भाऊंच्या बाजूला जो कोणी उभा राहणार आहे, त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. पण कालपासून मी त्याच्यावर जळतोय.