झाडाला टेकलेला माणूस

नाही हो, खुर्ची नको. उभाच बरा आहे मी, सवय झाली आता, का ते सांगतो मागाहून... पण आधी मला एक सांगा, ह्या वयात, गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर, दातांनी एकेक करून बदली मागून घेतल्यावर, माणसाला चिनी भाषा कशाला यावी? मला येते. चीनला जायचंय, व्यापार करायचाय, असलं काही नाही, सगळा जन्म एका कारखान्याच्या गोदामात गेला, तिथून रिटायर होऊन घरी आलो, एवढाच काय तो माझा प्रवास. तरी येते. दाढी करताना येते, जिना चढताना येते, नको नको म्हटलं तरी येते... आणि जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला, तिला? तुम्हाला सांगतो, शिकायचं तिला होतं, पाठ झालं मला!

ती म्हणजे आमची ही. आमच्याच कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. मोठ्या साहेबापासून शिपायापर्यंत प्रत्येकाचा नंबर तोंडपाठ, यादी अशी कधी उघडली नाही, नुसता खोकला ऐकून म्हणायची, 'गोदाम ना? बोला.' तो खोकला माझा. पुढे तिनं त्या खोकल्याशी लग्नच केलं. आणि हीच बाई एक दिवस भाजी घेऊन येताना आमच्याच जिन्यात थांबली आणि मला म्हणते, 'अहो, आपण वर राहतो की खाली?' मी हसलो, मला थट्टा वाटली. ती नाही हसली.

मग डॉक्टर. विहिरीतून बोलल्यासारखा आवाज. 'हे बघा आजोबा, हळूहळू जात राहणार. आधी कालचं जाईल, मग परवाचं, मग माणसं. जवळची शेवटी.' आता जवळची शेवटी म्हणजे माझा नंबर शेवटचा, ह्यात आनंद मानायचा की रडायचं, तुम्हीच सांगा! 'तोवर डोक्याला काहीतरी नवीन द्या. अगदी कोरं करकरीत.' झालं, आमच्या लेकीनं शोधून काढलं, एका शाळेत संध्याकाळचे वर्ग भरतात, चित्रकला, हार्मोनियम नाहीतर चिनी. ही म्हणाली, 'चिनी. आपली अक्षरं मला चकवायला लागलीत, ह्यात निदान चित्रं तरी आहेत.' मी आपला सोबतीला. म्हटलं, मागच्या बाकावर पेपर वाचत बसेन.

पेपर कसला वाचता! त्या शिकवणाऱ्या बाई, आमच्या लेकीच्या वयाच्या, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'घोकायचं नाही हं कुणी! आपलं घर डोळ्यांसमोर आणा. दारातून आत या, आणि एकेका जागेवर एकेक अक्षर ठेवा. आणि चित्र कसं हवं? विचित्र! साधं निसटतं, विचित्र चिकटतं.' आता मी गोदामवाला माणूस, कुठला माल कुठल्या कप्प्यात हे करण्यातच हयात गेली, मला हे सांगायची गरज आहे का? धडाधड माल लागायला लागला. पण चित्रं सगळी हिची हो! एक अक्षर होतं, वर छप्पर, खाली डुक्कर, म्हणजे घर. छपराखाली डुक्कर म्हणजे घर, हे त्या लोकांना कसं सुचलं कोण जाणे, हिला मात्र ताबडतोब पटलं. माझ्या कानात म्हणते, 'हॉलमधल्या सोफ्यावर ठेवा. मोठे भावजी पसरतात ना, तिथेच.' दुसरं अक्षर, छपराखाली बाई, म्हणजे शांतता. 'हे स्वयंपाकघराच्या खिडकीशी. रविवारी तुम्ही केस कापायला गेलात की मी तिथे एकटी चहा प्यायचे, तीच ही बाई.' बघा, जन्म गेला बरोबर आणि मला त्या चहाचा पत्ता नव्हता!

आणि एक आलं... शिऊ. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड, माणूस झाडाला टेकलाय, म्हणजे आराम. हिनं टाळीच वाजवली. 'अहो बाई, हे तर आमचेच! मी स्वयंपाक करत असले की हे दाराच्या चौकटीला टेकून उभे. काडीचं काम नाही, जागचे हलणार नाहीत, नुसती बडबड!' सगळा वर्ग हसला, मीही हसलो, करतो काय. माझी नेमणूक झाली, स्वयंपाकघराची चौकट, कायमची.

मग एक दिवस बाईंनी फळ्यावर काढलं, खाली मन, आणि त्याच्या डोक्यावर नाहीसं होणं. वांग. म्हणजे विसरणं. मी हळूच विचारलं, 'अगं, हे कुठे ठेवू या?' ती फळ्याकडे बघतच म्हणाली, 'हे नको ठेवायला. हे आपलं आपण येईल.' ...मी पेनाचं टोपण शोधायला बाकाखाली वाकलो. माझ्या पेनाला टोपणच नव्हतं.

आणि आलंच हो ते. एका सकाळी माझे थोरले बंधू आले, सवयीनं सोफ्याकडे निघाले, तर ही आडवी आली. 'थांबा भावजी, तिथे नका बसू, तिथे डुक्कर आहे.' बंधूंनी सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं म्हटलं, 'दादा, ते चिनी आहे.' आता ह्यानं कुणाचं समाधान होणार? चहा न घेता गेला तो माणूस, चपलांचा आवाज अजून कानात आहे. मी इकडे हसून हसून बेजार, आत जाऊन बघतो तर ही ओट्याला घट्ट धरून उभी. 'गेलं का हो ते?' म्हटलं, 'कोण, दादा?' तर म्हणाली, 'डुक्कर.' घाबरली होती हो ती. आम्ही मनात ठेवलेली चित्रं तिला खरीच दिसायला लागली होती, आणि खरी होती ती पुसली जात होती. मला मात्र सगळं जिथल्या तिथे! शिकायचं तिला होतं, पाठ झालं मला!

लेक म्हणाली, 'बाबा, बास आता. जिना नको, गॅस नको, माझ्याकडे चला.' तिचं बरोबरच होतं. नेलं आम्हाला. लिफ्ट आहे, उजेड आहे, जावई सज्जन. पण अक्षरं राहिली ना जुन्या घरात! गोदाम हलवलं तर माल टेम्पोत घालून नेता येतो, हे कशात घालू? मी आपला डोळे मिटून जुन्या घरात जाऊन येतो. ही जाते आणि दारच सापडत नाही तिला, मग नव्या घरात भिंती चाचपत फिरते.

आणि एका सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर ती ताठ बसली, केस सारखे केले, आणि तो जुना, ड्यूटीवरचा खणखणीत आवाज, 'नमस्कार, कोण हवंय आपल्याला?' मी मुद्दाम खोकलो. काही नाही. म्हटलं, 'अगं, तूच हवी आहेस.' तिनं जरा विचार केला, आणि अगदी अदबीनं म्हणाली, 'त्या जागेवर नाहीत. काही निरोप आहे का?'

काय निरोप ठेवायचा, सांगा तुम्ही! लागला माझा नंबर. रडलो मी, त्यात लाज कसली. कप हातात घेऊन तसाच स्वयंपाकघरात गेलो, लेक पोळ्या लाटत होती, तिच्यासमोर रडायचं नव्हतं, टेकायला चौकट शोधली तर हल्लीच्या स्वयंपाकघरांना दारच नसतं. मग फ्रीजला टेकलो, आणि आवाज ओला लागू नये म्हणून बडबडायला लागलो, गॅस महागला, लिफ्ट आवाज करते, वाट्टेल ते... तेवढ्यात ही मागून आली. थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, 'शिऊ.'

लेक म्हणाली, 'काय गं आई?' 'हे आमचे शिऊ. काडीचं काम करत नाहीत. पण असतात.' आणि मला म्हणाली, 'चहा झाला का हो?' हो म्हणाली! 'का हो' म्हणाली!

मला इतका आनंद झाला की खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो. बसलो, आणि तिनं केस सारखे केले. 'नमस्कार, कोण हवंय आपल्याला?' उठलो, फ्रीजला टेकलो. 'शिऊ.' पुन्हा करून बघितलं. तेच.

तेव्हा मघापासून मी म्हणतोय ना, शिकायचं तिला होतं, पाठ झालं मला, ते तसं खोटं आहे. एक अक्षर झालं तिचं पाठ. नवरा गेला, नाव गेलं, खोकला गेला, तेवढं एक राहिलं. म्हणून तेव्हापासून सकाळी जो फ्रीजला टेकतो तो ती झोपेपर्यंत. लेक म्हणते, 'बाबा, बसा हो जरा.' गुडघे तर काय काय म्हणतात, इथे सांगण्यासारखं नाही. आणि त्या अक्षराचा अर्थ काय, तर म्हणे आराम!

नको, खरंच नको ती खुर्ची. बसलो, की मी जागेवर नसतो.