दाताला कळू नये

पॉलीन : टोपी काढ डोक्यावरची. दवाखाना आहे हा, गुरांचा बाजार नाही.

ओरेस्ट : टोपी काढली. आता हात कुठे ठेवू?

पॉलीन : मांडीवर ठेव. आणि टोपी दे इकडे. नुसती कड कुरतडत बसलायस मघापासून.

ओरेस्ट : बुराकनं कुरतडलं असतं, तर इथे आलोच नसतो आपण.

पॉलीन : म्हणजे काय?

ओरेस्ट : काही नाही. किती वेळ झाला तिला आत नेऊन?

पॉलीन : आत्ता तर नेलंय. बस. गाडीत सगळी वाट तिची लाळ माझ्या कोटावर गळत होती. मान लांब करायची, ओकायला बघायची, आणि काही म्हणजे काही पडेना. एवढीशी कुत्री, डोळे मात्र माणसासारखे करून बघत होती माझ्याकडे. मी काय डॉक्टर आहे?

ओरेस्ट : तू गाडी चांगली हाणलीस. रस्ता सगळा चिखल. बर्फ वितळायला लागला की या रस्त्यावर माझी तर हिंमत होत नाही आता.

पॉलीन : नेटीसाठी हाणली. तुझी बायको असली, तरी माझी बहीण आहे ती. तुझ्यासाठी नाही. तू तिच्याकडे पाहिलंस का, शुश्रूषागृहातून निघताना?

ओरेस्ट : नाही.

पॉलीन : चाकाच्या खुर्चीवरून दारापर्यंत आणलं होतं तिला नर्सनं. हात तसाच पुढे धरलेला, तळवा वर. बुराकला तू उचलून पळालास, आणि हिचा हात तिथेच. नर्स मिटायला गेली, तर मिटू देईना.

ओरेस्ट : पॉलीन, नको.

पॉलीन : बरं. नाही बोलत.

ओरेस्ट : बोल. गप्प बसलीस की जास्त ऐकू येतं.

ब्रेना : गीदो, मी ब्रेना, इथली डॉक्टर. ओळखलंत?

ओरेस्ट : हलुष्कांची नात. आमच्या कुंपणावरून उडी मारून सफरचंदं न्यायचीस.

पॉलीन : सगळ्या गावाचा हा गीदो. स्वतःचा नातू एक नाही, पण ज्याच्या-त्याच्या पोराचा आजोबा. ते जाऊ दे, बुराक कशी आहे?

ब्रेना : गुंगी द्यायची तयारी चाललीय. छातीच्या मागे, अन्ननलिकेत काहीतरी अडकलंय. एक्स-रेमध्ये फुगवटा दिसतो, वस्तू दिसत नाही. काय खाल्लंय तिनं, ते मला आत जाण्याआधी कळायला हवं.

ओरेस्ट : दातांची कांडी. ती हिरवी मिळते ना, खाचा-खाचांची. चावली की दात साफ होतात म्हणे.

ब्रेना : अख्खी कांडी?

ओरेस्ट : तुकडा.

ब्रेना : तिनं चावून तोडलेला?

ओरेस्ट : कापलेला.

पॉलीन : कुणी कापला?

ओरेस्ट : मीच, दुसरं कोण. सफरचंदाच्या फांद्या छाटायची कात्री आहे, तिनं. धुऊन घेतली होती.

पॉलीन : धुऊन घेतली होती म्हणे.

ब्रेना : केवढा तुकडा होता?

ओरेस्ट : अंगठ्याच्या पेराएवढा. कांडी मोठ्या कुत्र्यांची आणतो मी.

ब्रेना : बुराक तर मांजरीपेक्षा थोडी मोठी. पाकिटावर वजन लिहिलेलं असतं, गीदो.

ओरेस्ट : वाचलंय मी. लहान कुत्र्याची कांडी पेन्सिलीसारखी बारीक. नेटीच्या हातात ठरत नाही, बोटांतून घरंगळते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिची मूठ वळत नाही. जाड कांडीचा तुकडा केला, की तळव्यावर नीट बसतो. मग ती स्वतःच्या हातानं देते. मला वाटलं, मोठं आहे ते घशात अडकेल, म्हणून तर कापतो आपण. लहान पोराला नाही का आपण घास बारीक करून देत?

ब्रेना : लहान पोर चावतं. बुराक चावते का? कधी बघितलंत, कानानं ऐकलंत कडकड?

पॉलीन : अरे, ती विचारतेय तुला.

ओरेस्ट : नेटीच्या हातून घेताना बुराक दात लावतच नाही. ओठांनी उचलते. फुलपाखरू बसावं तशी. पिल्लू होती, परसातले बीट उकरायची, म्हणून तर नाव बुराक पडलं, बुराक म्हणजे बीटच. तेव्हा एकदा नेटीच्या बोटात दात घुसला. नेटी रागावली नाही. तिनं गाणं केलं.

ब्रेना : गाणं?

ओरेस्ट : दोनच ओळी.

पॉलीन : आमच्या आईची खोड ती. कोंबड्यांचं गाणं वेगळं, पिठाचं वेगळं. म्हण ना.

ओरेस्ट : मी म्हणत नाही. सांगतो.
ओठानं उचल बाई, दाताला कळू नये,
म्हाताऱ्या बोटांना गं, चिमटा बसू नये.

ब्रेना : आणि बुराकला ते कळतं.

ओरेस्ट : तिला एवढंच कळतं. बाकी सगळं तिचं तीच ठरवते. चावलं तर बोटाला लागेल, म्हणून गिळते. दारापाशी जाऊन चावत असेल, असं मी मानत होतो. मानलं होतं, पाहिलं नव्हतं.

ब्रेना : म्हणजे त्या कांडीनं आजवर एकदाही तिचे दात घासले गेले नाहीत.

ओरेस्ट : तोंडाचा वास तरी गेला होता.

ब्रेना : पुदिना असतो त्यात, गीदो.

पॉलीन : वास आला होता मात्र भयंकर, आंबवलेल्या कोबीचं पिंप उघडावं तसा. नर्स म्हणाली, असलं कुत्रं बिछान्यावर चढवू देणार नाही. तिथून या कांड्या सुरू झाल्या.

ब्रेना : बरं. ऐका आता. कापलेला तुकडा आहे, म्हणजे त्याला कडा असणार. मी तोंडातून नळी घालून बघते, चिमट्यात आला तर वर ओढते. ओढताना नलिका फाटू शकते. नाही आला, तर पोटात ढकलायला बघेन. तेही झालं नाही, तर छाती उघडावी लागेल, आणि त्यातून लहान कुत्री सगळीच उठत नाहीत. हे तुम्हाला आधी सांगायला हवं.

ओरेस्ट : जा तू. हात थरथरू देऊ नकोस.

पॉलीन : गेली. पोरगी शहाणी आहे. आजीवर गेलीय, नशीब.

ओरेस्ट : पॉलीन, ब्रेना कांडी बंद करायला सांगेल.

पॉलीन : सांगू दे. आधी कुत्री जगू दे.

ओरेस्ट : जगली तरी. बरोबरच सांगेल ती. पण मग नेटी? ती पाणी म्हणत नाही. माझं नाव घेत नाही, तुझं घेत नाही. मी रविवारी जातो, बसतो, वारा कुठून सुटला ते सांगतो, शेजाऱ्यानं काय पेरायचं ठरवलंय ते सांगतो. ती खिडकीकडे बघते. मग तळव्यावर तुकडा ठेवला, बुराक पुढे आली, की त्या दोन ओळी एक अक्षर न चुकता बाहेर येतात. सुरात. डॉक्टर म्हणतात, बोलणं जातं तिथून गाणं जात नाही कधीकधी. माझा सगळा आठवडा त्या दोन ओळींवर जातो.

पॉलीन : मला कधी सांगितलं नाहीस. मी बहीण आहे तिची.

ओरेस्ट : तू तेव्हा खाली कॉफी प्यायला जातेस.

पॉलीन : मला ती खोली सोसत नाही, ओरेस्ट. कॉफी कसली घाण असते तिथली.

ओरेस्ट : माहीत आहे.

पॉलीन : आणि कुत्री गेली तर काय सांगायचं तिला?

ओरेस्ट : तिच्या हातून घेतलेलं गिळून गेली, असं नाही सांगायचं. बाकी काहीही सांग. मी कापला तो तुकडा. तिनं नुसता हात पुढे केला.

पॉलीन : आणि मी म्हणाले होते कोबीचं पिंप. नर्ससमोर म्हणाले होते. चला, सगळ्यांना थोडं-थोडं वाटून घेऊ.

ओरेस्ट : दार वाजलं.

(ब्रेना बाहेर येते. तिच्या हातात एक छोटी काचेची वाटी आहे.)

ब्रेना : निघाला. वरूनच आला. आतलं अस्तर सोललंय, पण फाटलेलं नाही. बसा, गीदो. उभे राहू नका एकदम.

ओरेस्ट : बसलोय. बसलोय मी. बघू तो.

ब्रेना : हा.

ओरेस्ट : माझ्या कात्रीची तिरकी कड आहे ही. अजून तशीच. एक दात नाही लागला.

ब्रेना : हावरटपणानं गिळणारी कुत्री माझ्याकडे रोज येतात. ही शहाणपणानं गिळत होती.

पॉलीन : शुद्धीवर आली?

ब्रेना : येतेय. आजची रात्र इथेच ठेवते. घरी नेली की मी सांगेन तोवर पातळच द्यायचं, नलिका भरून यायला वेळ लागतो, मागाहूनही आकसू शकते. ओकली, लाळ गळली, तर लगेच आणायची. दात बोटावरच्या मऊ ब्रशनं घासायचे, ते तुम्ही.

ओरेस्ट : आणि कांडी बंद.

ब्रेना : कापलेली बंद. कायमची. हाडासारखं कडक काहीही बंद, त्यानं दात फुटतात. नख रुतेल इतकं मऊ हवं.

ओरेस्ट : मग हातावर काय ठेवू तिच्या?

ब्रेना : गीदो...

ओरेस्ट : तुला ठाऊक नाही, पोरी. रिकामा हात असेल तर ती गात नाही.

ब्रेना : मला ऐकू येत होतं आत. दार पातळ आहे. बुराक पूर्ण बरी झाली, मी तपासून हो म्हटलं, तर एक करता येईल. मऊ, लांब पट्टी आणायची, तिच्या तोंडात मावणार नाही इतकी. एक टोक तिला द्यायचं, दुसरं सोडायचं नाही. धरून ठेवायचं. गिळता येत नाही म्हटल्यावर ती दात लावेल. शेवटी बोटभर उरलं, की उकडलेल्या चिकनचा कण दाखवून ते काढून घ्यायचं. ओढाओढ नाही, ओढलं की कुत्रं घाईनं गिळतं.

ओरेस्ट : धरून कोण ठेवणार? मूठ वळत नाही म्हटलं ना तिची.

ब्रेना : मग तिच्या हाताखाली तुमचा हात लावा. बोटं तिच्या बोटांवरून मिटा. शेवटपर्यंत सोडू नका.

पॉलीन : हा? लग्नाच्या फोटोत यानं दोन्ही हातांनी टोपी धरलीय. नेटी शेजारी उभी, आणि हा टोपीशी लग्न लावल्यासारखा. चर्चच्या पायऱ्यांवर बर्फ असला, तरी तिला कोपरानं आधार द्यायचा.

ओरेस्ट : कोपरानं काय वाईट होतं?

पॉलीन : वाईट नव्हतं. कोपर होतं.

ओरेस्ट : पण गाणं उलटं होईल मग. ओठानं उचल, दाताला कळू नये. आणि आपण तर दातालाच कळवायचं.

ब्रेना : गाणं राहू दे तसंच. बुराक गाण्यावर येते ना जवळ? आली की पुढचं तिला तुमच्या हातांवरून कळेल. वेळ लागेल. लागू दे.

पॉलीन : थांब, फोन वाजतोय माझा. हो... हो, पॉलीनच बोलतेय. वाचली म्हणून सांगा तिला, कानाशी जाऊन सांगा. हो. बरं... नर्स होती. नेटी झोपली.

ओरेस्ट : हात?

पॉलीन : उघडाच आहे म्हणाली. पांघरुणावर.

ब्रेना : बुराकला बघायला या आत. डोळे उघडलेत तिनं.

पॉलीन : ऊठ. ही घे टोपी तुझी.

ओरेस्ट : असू दे तुझ्याजवळच.