प्रत्येक सावधानला अक्षता

निफाडच्या लग्नाचं ऐका. लग्नात वाजवायची माझी पहिलीच सुपारी. सिंथला, म्हणजे माझ्या कीबोर्डला जोडायला मी पेढ्याच्या पुड्याएवढा इफेक्टचा डबा घेतला होता. त्याला दोन इनपुट होते, म्हणून भटजींचा माइकही त्यातच खुपसला. सिंथवरच्या सनईसाठी लावलेला इको बंद करायला मात्र विसरलो.

भटजी म्हणाले, "शुभमंगल सावधान!"

डबा म्हणाला, "सावधान... सावधान... सावधान..."

मंडळी प्रत्येक सावधानला अक्षता टाकत सुटली! पहिल्याच मंगलाष्टकाला सगळ्यांच्या मुठी रिकाम्या. म्हटलं, संपला आपला धंदा.

लग्न लागल्यावर भटजींनी बोलावलं. "तो डबा तुझाच का रे?"

"चुकलं, गुरुजी."

"चुकलं कसलं? या वयात मला दम पुरत नाही. रविवारी सिन्नरच्या लग्नाला ये, डबा घेऊन. सिंथ आणलास तरी चालेल."