हाऊसबोटीचे इंजिन कोणी चालू केले याबाबत पुरवणी जबाब

मी आकाराम पिराजी आंबी, वय ५६ वर्षे, धंदा नाव चालवणे, राहणार मौजे कुरणवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर. आज दि. २४/०१/२००४ रोजी सकाळी अकरा वाजता, कोणी बोलावणे पाठवले नसताना, ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

दि. १८ रोजी माझा एक जबाब इथेच लिहून घेतला आहे. त्यात "इंजिन कोणी चालू केले ते गडबडीत मला दिसले नाही" असे वाक्य आहे. ते वाक्य खोटे आहे. माझी बायको शालूबाई हिचा डावा पाय त्या इंजिनाच्या पंख्यात सापडला व मिरजेच्या दवाखान्यात तो गुडघ्याखाली काढावा लागला. इंजिन कोणी चालू केले यावरच आता सगळी केस उभी आहे, म्हणून हा पुरवणी जबाब देत आहे. मला मधे थांबवू नये, मी सांगेन त्या क्रमाने लिहून घ्यावे.

आमच्या घरात चार पिढ्या नाव आहे. सोळाव्या वर्षापासून मी कुरणवाडी घाटावरून माणसे पलीकडे सोडत आलो. पूल झाल्यावर उतारू संपले. दोन वर्षांपूर्वी जयसिंगपूरचे संग्राम मगदूम यांनी बंधाऱ्याच्या वर तुंबलेल्या पाण्यात हाऊसबोट आणली आणि मला चालवायला ठेवले. शालूबाई बोटीवर स्वयंपाक करत असे. बोट सेहेचाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, सपाट बुडाची. आणली तेव्हा बरी होती. पुढे मालकांनी छपरावर पाइप उभे करून वर बसायची सोय केली. वर वजन चढवू नका, बोट डोक्यात जड होते आणि मग कलली की लवकर सावरत नाही, हे मी त्यांना तीन वेळा सांगितले. "नाना, तुमचं ग्यान लाकडी होडीचं हाय, ही हाऊसबोट हाय," असे म्हणून त्यांनी मला तीन वेळा वाटेला लावले.

हाऊसबोट म्हणजे मोटार नव्हे. तिला ब्रेक नसतो. इंजिन बंद केले तरी ती चाळीस-पन्नास फूट पुढे जाते. मागे घेताना सुकाणू ऐकत नाही. तिच्या भिंती उंच, त्यामुळे वारा तिला शिडासारखा ढकलतो. घाटाला लावायची तर धारेच्या उलट तोंड करूनच लावावी लागते. आणि पाण्यात माणूस असेल तर इंजिन बंद म्हणजे बंद. कोणीतरी मागे जाऊन पंख्याजवळ बघून आल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. हे सगळे मी दर फेरीआधी उतारूंना आणि मालकांना सांगत असे. मालक उतारूंकडे बघून डोळा मारत. तो डोळा मारणे माझ्या अजून डोक्यात आहे.

दि. १८ रोजी रविवारी इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या घरची सून साक्षी हिचे नावेतले डोहाळजेवण बोटीवर ठरले होते. बोटीवर पंचवीस माणसे घ्यायची असे मी पहिल्या दिवसापासून बजावले होते. मी बोटीच्या दाराशी उभे राहून मोजली, बेचाळीस झाली. मी चावी खिशात घालून खाली उतरलो. मालक म्हणाले, "बायकाच हायत की नाना, वजन किती असणार? शोभा करू नका." मी परत चढलो. तिथेच माझे चुकले.

वरच्या मजल्यावर पुठ्ठ्याची एक नाव करून, तिला झेंडूच्या माळा लावून त्यात साक्षीला बसवली होती. खऱ्या नावेत बसून पुठ्ठ्याच्या नावेतले फोटो काढत होते. शेजारी झोपाळा टांगला होता. त्याच्या साखळ्या बघून मी खाली आलो आणि नांगराची पेटी उघडली. पेटीत नांगर होता, साखळी नव्हती. मालकांनी नांगराची साखळी काढून झोपाळ्याला लावली होती. विचारल्यावर म्हणाले, "दोन तासाचा तर प्रश्न हाय." एवढा संताप मला आयुष्यात आला नसेल. तरी मी बोट सोडली.

दुपारी पाऊणच्या सुमारास परतताना बोट नदीच्या मधोमध होती. साक्षीची आजेसासू धोंडुबाई हिने वरून हाक दिली, "पावणं, जरा दमानं घ्या. आधी नदीची ओटी, मग पोरीची." आमच्याकडे नदीची ओटी भरायची रीत आहे, माझी आईही भरत असे, पण ती घाटाच्या पायरीवर उभे राहून. मी ओरडून सांगितले की एकेकीने या, एका अंगाला गर्दी करू नका. कोण ऐकते? खण-नारळ पाण्यात सोडायला वरच्या-खालच्या सगळ्या डाव्या कठड्याला आल्या. बोट डावीकडे कलली, वरचा पाइप वेल्डिंगातून सुटला आणि साक्षी सात महिन्यांचे पोट घेऊन पाण्यात पडली.

मी तत्काळ इंजिन बंद केले. शालूबाईने स्वयंपाकघरातून तशीच उडी टाकली. तिला पोहायला तिच्या बापाने शिकवले आहे. तिने साक्षीला केसाला धरून वर काढले आणि बोटीच्या मागच्या शिडीकडे आणले. पंखा मागेच असतो हे तिला चांगले ठाऊक आहे. इंजिन बंद आहे आणि ते माझ्या हातात आहे, म्हणून ती तिथे आली. लोकांनी साक्षीला वर ओढून घेतले. साक्षी आणि तिचे बाळ दोघेही सुखरूप आहेत असे ऐकतो. त्यांच्या घरचे कोणी अद्याप शालूबाईला बघायला आलेले नाही.

त्या आठवड्यात बंधाऱ्याचे काही बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले होते, त्यामुळे पाण्याला ओढ होती. बोट हळूहळू बंधाऱ्याकडे सरकू लागली. अंतर तीनशे फुटांच्या वर होते, म्हणजे वेळ होता. बायका रडू लागल्या. मालक माझ्या कानाशी ओरडले, "बोट माझी हाय, चालू कर म्हणतोय न्हवं! मालक कोण हाय हितं?"

मालकांनी आपल्या जबाबात मी दारू प्यालो होतो, माणसे मीच जास्त घेतली, साखळी मीच काढली असे लिहून दिले आहे. ते सगळे खोटे आहे. मी दारू पीत नाही, गावात कोणालाही विचारा. त्याच जबाबात "इंजिन आकारामने चालू केले" असे एक वाक्य आहे. तेवढे एकच वाक्य खरे आहे, आणि ते त्यांच्या तोंडून यावे याची मला चीड येते.

चावी मी फिरवली. मालकांनी मला ढकलले नाही, चावी हिसकावली नाही. अठरा फुटी बांबू माझ्या हाताशी होता, तिथे पाणी बारा फूट. बांबू रोवून बोट धरता आली असती. मी मागे जाऊन बघितले नाही. वळूनसुद्धा बघितले नाही. मालक ओरडला आणि माझा हात गेला. शालूबाई अजून शिडीच्या खालीच होती.

माझ्या बायकोने दवाखान्यात दिलेल्या जबाबात मालकांनी मला बाजूला सारून इंजिन चालू केले असे सांगितले आहे. ती तेव्हा पाण्यात होती. तिथून सुकाणूची जागा दिसत नाही. तिने हे का सांगितले ते मला माहीत आहे. काल तिने मला जवळ बोलावून सांगितले, "माझा पाय गेलाय त्यो गेलाय. तुमास्नी आत घाटलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघून बसू? गप ऱ्हावा." मी तिच्याजवळ गप्प राहिलो. तिला न सांगता आलो आहे. तिच्या खोट्या जबाबाबद्दल तिच्यावर काही कारवाई करू नये.

संग्राम मगदूम यांच्यावर जास्त माणसे घेतल्याबद्दल, छपरावर वजन चढवल्याबद्दल व नांगराची साखळी काढल्याबद्दल गुन्हा दाखल करावा. इंजिनाबद्दल माझ्यावर करावा. मला सोडून फक्त त्यांच्यावर केला तर इंजिनाचे खोटे उघडे पडून ते कोर्टात सुटतील, आणि त्यांच्यावर न करता फक्त माझ्यावर केला तर मी गप्प बसणार नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. चावी फिरवल्याच्या ठिकाणी त्यांनी "घाबरून, चुकून" असे दोन शब्द आपल्या मनाने, माझ्या भल्यासाठी घातले होते. ते मी खोडायला लावले आहेत व खोडलेल्या जागी सही केली आहे. आता बरोबर आहे.

सही
आकाराम पिराजी आंबी