दारातले बूट

(जपानमधलं सेंदाई शहर. शनिवारची दुपार. यामिनीच्या फ्लॅटच्या दारात तिचा धाकटा भाऊ वरद बूट घालतोय.)

यामिनी : हीटरसाठी एक डबा रॉकेल सांगितलं होतं मी. गाडीत तीन आहेत. बाकीचे दोन कुणाला?

वरद : आमच्या बँडच्या व्हिडिओला. बँडचा लीडर केन्ता-सान म्हणतो, आग खरीच हवी.

यामिनी : शूटिंगला म्हणत होतास ते डोंगरातलं लाकडी चर्च? ते जाळणार तुम्ही? अरे, डोकं फिरलंय का तुझं!

वरद : आठ वर्षं बंद आहे गं, ताई. आणि तुझ्याच पीएचडीत आहे की! नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल बँडवाल्यांनी चर्चं का जाळली ते. बाहेरून आलेला धर्म, त्याने आमचे जुने देव गाडले...

यामिनी : असं ते म्हणायचे, एवढंच लिहिलंय मी. त्याच्या आधीचं पान वाच ना! आधी नुसतं सैतान, सैतान चाललं होतं. तो सैतान आला कुठून? त्याच बायबलमधून. जुने देव नंतर आठवले. राग आधी होता रे, कारण मागाहून शोधलं.

वरद : पण राग तर खरा होता.

यामिनी : असेल. तू इथे कुणावर काढतोयस? याच गावात चारशे वर्षांपूर्वी नऊ ख्रिश्चनांना भर थंडीत नदीत उभं करून मारलं. इथे मार त्यांनीच खाल्लाय.

वरद : नदीत?

यामिनी : हो. का रे? असा पांढरा का पडलास?

वरद : रविवारी आम्ही जागा बघून आलो. दारात बूट होते. नीट जोडीने लावलेले, टोकं बाहेर करून. नऊ जोड.

यामिनी : म्हणजे आत माणसं होती!

वरद : कोणी नव्हतं. सगळं हिंडलो. धुळीत फक्त आमची पावलं. पण बूट ओले होते, ताई. पाणी निथळत होतं.

यामिनी : आणि केन्ता?

वरद : हसला. म्हणाला, शॉट भारी येईल.

यामिनी : तरी निघालास तू! वरद, इकडे बघ. त्या लोकांनी तुझं काय घोडं मारलंय?

वरद : काहीच नाही. शाळेत डिसोझा मिस स्वतःच्या डब्यातलं द्यायच्या मला. पण गाताना ना, घशातून कुणीतरी दुसराच ओरडतो. आणि त्याला कुणीतरी फार छळलेलं असतं.

यामिनी : गाडीची किल्ली दे.

वरद : घे. आणि मी परत मागितली तर देऊ नकोस. आवाज माझाच असला तरी.