भागवतबुवांची उडी

...अहो, धन्य कसले? मान वर करता येईना त्या भागवतबुवांना, आणि तुम्ही म्हणता धन्य! तुम्हाला सांगतो, शिरड शहापूरच्या देवळात एकादशीचं कीर्तन ऐन रंगात, बुवा सांगताहेत, "देहाचं भान सोडा मायबाप, हा देह आपला नव्हेच..." आणि नेमकं तेव्हाच त्या आपल्या नसलेल्या देहाच्या कमरेशी काहीतरी वळवळलं! घाम वाढला तशी वळवळ वाढली, आणि साठी उलटलेल्या बुवांनी मृदंगावरून पलीकडे जाईल अशी उडी मारली! मंडळी काय म्हणाली? "बुवाला देव भेटला!" आता बुवांनी तोंड कुठं दाखवावं, सांगा!

देव कसला हो? बुवांची नात, राजनंदिनी, नांदेडला शिकते, एकादशीला घरी आलेली. गवताच्या कुसळाचा पीळ ओल लागली की सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो. ते पाहून तिनं बोटभर मऊ पट्ट्या केलेल्या. तार नाही, मोटार नाही, नुसत्या ओलाव्यानं हलणाऱ्या... आणि वाळत घातल्या कुठं? बुवांच्या सोवळ्याच्या दोरीवर! एक सोवळ्याला चिकटली, ती थेट कीर्तनात.

बरं, उडीत खाली पडली तिथं संपावं की नाही? पण पुढंच बसलेल्या चतुराबाईंनी उचलली, त्यांच्या घामेजल्या तळहातावर ती पुन्हा वळवळली, आणि बाई ओरडल्या, "औंढ्याच्या नागनाथाचं पिल्लू व्हय हे!" झालं! पट्टी गाभाऱ्यात, हळदकुंकवासकट! आता बुवांनी तोंड कुठं दाखवावं, सांगा!

सकाळी नात रडकुंडीला. "आजोबा, उद्या परीक्षेत दाखवायची हाय, एक पट्टी सापडंना. तुमी पाह्यली का?"

"न्हाई," सगळं उमगूनही म्हणाले बुवा.

जन्मभर सत्याचा महिमा गाणारी ती जीभ... खोटं बोलली हो! अखेर देवळात गेले, भरल्या मंडळींत हात जोडले, "मायबाप, मला देव भेटला न्हाई. पोरीची पट्टी व्हती. गुदगुल्या झाल्या म्हणून उडालो."

चतुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बगा माय, केवढी नम्रता! भेटलेला देव बी लपवून राह्यला बुवा!"

जो तो पायांवर! पट्टी मिळाली, नात वेळेवर गाडीत बसली, पण बुवांचे पाय काही सुटेनात. आता बुवांनी तोंड...

आणि काल हट्टा गावाहून निरोप्या हजर. "बुवा, कीर्तन थोडकं झालं तरी चालंल, उडी तेवढी ठेवा."

"येतो बाबा," बुवा मान न उचलता म्हणाले, "पण सोवळं झटकून येतो."