कडू लागतंय का?

मंडळी, आज जे सांगणार आहे, त्यावर इथला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही! लावा पैज! पण आधी सांगा — ज्ञान चांगलं की वाईट? चांगलं! हलल्या सगळ्या माना. थांबा, एखाददुसरी मान राखून ठेवा!

गदाधरपंत म्हणून एक वैद्य होते. घरात पोथ्या इतक्या, की झुरळंसुद्धा त्या खाऊन संस्कृतात शिंकायची! हसता काय? माझ्या आजेसासऱ्यांनी आपल्या कानांनी ऐकलंय!

पंतांच्या बायकोचा, सगुणाबाईंचा, धाकटा भाऊ विसू. गेला गवत कापायला — आणि डसला की नाग! उचलून आणला, ओट्यावर निजवला. पंतांनी मुळी उगाळून औषधाची वाटी तयार केली. मग विसूच्या तोंडात घातलं कडुलिंबाचं पान. ठाऊक आहे ना? पान कडू लागलं तर विष चढलं नाही. कडू लागेनासं झालं, की चढलं म्हणायचं!

"विसू, कडू लागतंय का?"

"लागतंय, भावोजी."

दुसरं पान. "आता?"

"थोडं... थोडं..."

तिसरं पान!

सगुणाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. वाटी तर तयार — मग हे पाजत का नाहीत? त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या डोळ्यांना विसू दिसतच नव्हता हो! नुसती त्याची जीभ दिसत होती!

"अहो, औषध पाजा ना!"

"थांब गं! कडूपणा नेमका कोणत्या क्षणी जातो, हे एकाही पोथीत नाही. आज कळेल!"

"कळून काय करणार?"

पंत गडबडले. "काय करणार म्हणजे? कळेल!"

बाईंनी वाटीवर झडप घातली. पंतांनी मनगट धरलं — "एकच पान, सगुणे, एकच!" — तेवढ्यात विसूची जीभ लुळी पडली, वाचा पार बसली... आणि मंडळी, ते पान त्याला लागलं गुळासारखं गोड!

कोण ते "खोटं" म्हणालं? खांबाला टेकलेले तात्या! बोला, मोठ्यानं बोला!

"बुवा, वाचा बसली होती ना? मग गोड लागलं हे त्यानं सांगितलं कुणाला?"

सापडलो, तात्या, रंगेहाथ सापडलो! पण तिकडे ओट्यावर पोरगा निपचित पडलाय, बहीण वाटीसाठी झगडतेय. तो वाचला का, हे नाही विचारलंत. पान कसं लागलं, ते विचारलंत!

आणि बाकीचे हो, तात्यांना हसू नका. तुम्हीही कान टवकारलेत, ते त्याच उत्तरासाठी!